आत कोण हाय?

प्रियदर्शनी मगदूम बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की हंगाम संपेपर्यंत कंटाळेल आणि घरी बसेल. ती बसली नाही. तिचं माहेर कृष्णाकाठचं, हळदीचं आणि उसाचं. सांगलीत कॉम्प्युटरचं शिक्षण झालं, लगेच लग्न झालं आणि ती तासगावला आली. मुलगी प्रांजल शाळेत जायला लागेपर्यंत घराबाहेरचं जग म्हणजे बाजार आणि बस्तीतलं देवदर्शन, एवढंच. पण दुपारी घर शांत झालं की ती नवऱ्याचा जुना लॅपटॉप मांडीवर घ्यायची आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत बसायची. सुकुमार दुकानातनं जेवायला आला की विचारायचा, "काय चाललंय?" ती म्हणायची, "बोलतीये त्याच्याशी." तो हसायचा आणि ताटावर बसायचा.

स्टोरेज गावाबाहेर होतं. मालक भरतेशअण्णा, सुकुमारच्या ओळखीचे. आत ओळीनं सहा खोल्या, छतापर्यंत रॅक, रॅकवर बेदाण्याचे बॉक्स. बाहेर ऊन कितीही रणरणत असलं तरी खोलीचं जाड दार सरकवलं की थंडी अंगावर यायची. ती कामाला लागली तेव्हा दिवे विसरले जायचे, दारं उघडी राहायची आणि खोली गरम झाली की अण्णा सगळ्यांवर ओरडायचे. प्रियदर्शनीनं सांगितलं, "अण्णा, एक छोटा कॉम्प्युटर घ्या, प्रत्येक खोलीत हालचाल ओळखणारं सेन्सर बसवा. बाकी मी बघते." अण्णांनी घेतलं. आणि तिनं आयुष्यातली पहिली खरीखुरी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या आज्ञा.

तिला त्या स्क्रिप्टचा अभिमान होता. दार लागलं की ती आपोआप चालायला लागायची आणि दार लागलेलं असेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पुन्हा चालायची. मुख्य काम एका ओळीत बसलं होतं. हालचाल आहे का, याच्या आधी एक उद्गारचिन्ह. म्हणजे 'हालचाल नसेल तर'. मग &&, म्हणजे 'आणि मग दिवे बंद कर'. मग ||, पोथीत श्लोकाच्या शेवटी असतात तशा दोन उभ्या रेघा. म्हणजे 'नाहीतर आवाज लाव'. आत कोणी नसेल तर अंधार करायचा, कोणी राहिलं असेल तर त्याला हाक मारून बाहेर काढायचं. इतकं सरळ.

हाक कुणाच्या आवाजात असावी, याचा विचारच करावा लागला नाही. अंबूबाई बायकांच्या मुकादम होत्या. कवठे महांकाळच्या पलीकडं, माळावरच्या धनगरवाडीतनं त्या आल्या होत्या, आणि सारं तरुणपण मेंढरांमागं गेल्यामुळं आवाज असा की एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जावा. प्रियदर्शनीनं मोबाइल पुढं धरला, तर आधी त्या लाजल्या.

"काय बोलायचं?"

"रोज बोलता तेच बोला. दार लावायच्या आधी."

अंबूबाईंनी पदर सारखा केला आणि खोलीकडं तोंड करून हाक दिली, "आत कोण हाय? भायेर या! दार लावायचंय!"

तेवढंच त्या फाइलमध्ये होतं. आवाज खोलीतल्या स्पीकरमधून यायचा आणि बाहेरच्या बोळातल्या स्पीकरमधूनही. पहिले काही दिवस बायका हसून बेजार झाल्या. अंबूबाई समोर बसून भाकरी खातायत आणि त्यांचाच आवाज भिंतीतनं कुणावर तरी खेकसतोय! त्या स्वतः म्हणायच्या, "आता मी मेले तरी तुमची सुटका न्हाई."

उन्हाळ्यात त्या गावी गेल्या आणि परत आल्या नाहीत. तापाचं निमित्त झालं. स्टोरेजमधल्या सगळ्या बायका माती द्यायला गेल्या, प्रियदर्शनीही गेली. परत आल्यावर आवाज बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दारं वेळेवर लागत होती, आत कोणी राहत नव्हतं, त्यामुळं हाक ऐकूच यायची नाही.

ती ऐकू आली पावसाळा संपता संपता, भर दुपारी. जेवणाची सुट्टी झाली होती. सगळ्या खोल्या बंद होत्या, बायका शेडमध्ये डबे उघडून बसल्या होत्या आणि बोळातनं आवाज आला, "आत कोण हाय? भायेर या! दार लावायचंय!"

कुणी हललं नाही. थोडा वेळ गेला, पुन्हा तीच हाक. हमालांपैकी जयराज धीर करून गेला. आवाज तीन नंबरच्या खोलीचा होता. त्यानं दार सरकवलं. आत अंधार, पंख्यांची घरघर, रॅकवर गपगार बॉक्स. माणूस नाही. त्यानं दार लावलं आणि पाठ वळवली, तर पाठीमागं अंबूबाई ओरडल्या, "आत कोण हाय?"

त्यानंतर हे रोज दुपारी व्हायला लागलं. बायका तीन नंबरमध्ये जाईनात. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: अंबूबाईला आत कोणतरी दिसतंय. आपल्याला दिसत नाही, तिला दिसतंय, कारण ती आता तिकडची झाली. अण्णा चिडले, पण त्यांनाही दुपारी तिकडं जावंसं वाटेना, हे प्रियदर्शनीच्या लक्षात आलं होतं.

सगळ्यांत गप्प होती ती अर्जुना. अर्जुनामावशी अंबूबाईंची जाऊ. एका घरात नांदलेल्या, एका कळपामागं चाललेल्या. पण एका मेंढीच्या वाटणीवरनं दोघींचं बिनसलं आणि ते मिटलंच नाही. एकाच शेडमध्ये काम करूनही अंबूबाई तिचं नाव घेत नसत. काही सांगायचं झालं तर "तिला सांगा गं" म्हणायच्या. आता हाक सुरू झाली की अर्जुना घास हातात धरून बोळाकडं बघत राही. इतर बायका कानांत बोटं घालायच्या, ही ऐकायची.

प्रियदर्शनीला भीतीपेक्षा शरम जास्त वाटत होती. हाक कुणाचीही असो, ती लावणारी ओळ तिची होती. ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि ती ओळ बोट ठेवून वाचायला लागली, लहान मूल वाचतं तशी. हालचाल नाही. आणि. दिवे बंद. नाहीतर. आवाज. यात चूक कुठंय?

मग तिनं तुकडे वेगळे करून एकेक चालवून पाहिला आणि चूक सापडली. दिवे बंद करणारा रिले, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणारं बटण, ओलीनं गंजला होता. दिवे विझत होते, पण 'काम झालं' असा निरोप परत यायच्या ऐवजी 'झालं नाही' असा येत होता. आणि त्या दोन उभ्या रेघा काय बघतात? खोलीत माणूस आहे की नाही हे त्या बघतच नव्हत्या. आधीचं जे काही शेवटचं झालं, ते फसलं का, एवढंच बघत होत्या. दिव्याचा निरोप फसला, की त्यांनी अंबूबाईंना बोलवायचं. तिनं मनात धरलं होतं 'असं असेल तर हे, नाहीतर ते'. लिहिलं मात्र वेगळंच होतं आणि यंत्रानं लिहिलेलं तेवढं पाळलं.

तिनं ती ओळ मोडली. 'जर', 'तर', 'नसेल तर' अशा वेगवेगळ्या ओळींत सगळं नीट मांडलं, हालचाल दिसली की दिवे पुन्हा लागतील असंही लिहिलं, रिले बदलून घेतला. शेडमध्ये जाऊन बायकांना सांगितलं, "कोणी नव्हतं आत. दिव्याच्या वायरचा घोटाळा होता आणि माझ्या लिहिण्याचा."

बायकांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाली, "आसंल बाई." हाक मात्र बंद झाली. हळूहळू तीन नंबरमध्ये जाणं-येणं सुरू झालं, दोघी-दोघींनी का होईना.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. अण्णा काही कामानं सांगलीला गेले होते. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर प्रियदर्शनीला ऑफिसातल्या पडद्यावर दिसलं की तीन नंबरच्या मागच्या कोपऱ्यातला दिवा अजून जळतोय. पुन्हा रिले बिघडला की काय, म्हणून ती उठली. मोबाइल टेबलावर चार्जिंगला होता, तो तसाच राहिला. दाराशी जाड जॅकेटं टांगलेली असायची, तीही तिनं घेतली नाहीत. बघून लगेच तर यायचं होतं. दार अर्धं उघडं ठेवून ती रॅकच्या मागं गेली आणि मान वर करून दिव्याची पेटी बघायला लागली.

जयराज जेवायला निघाला होता. त्याला दार उघडं दिसलं. गारवा वाया चाललाय, म्हणून त्यानं ते सरकवून लावलं आणि गेला. पंख्यांच्या घरघरीत तिला काही ऐकू आलं नाही. कळलं तेव्हा पुढच्या बाजूचा बाहेरचा उजेड गेला होता.

ती आधी घाबरली नाही. आतून उघडायला दाराला दांडी होती. तिनं दांडी ढकलली. दांडी हलेना. बर्फ धरून ती अडकते, हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णाही म्हणायचे, मेस्त्रीला बोलवायला पाहिजे. तिनं खांदा लावला, लाथ मारली, हाका मारल्या. त्या जाड दारानं आणि पंख्यांनी तिचा आवाज जागच्या जागी गिळला.

आणि तिच्या डोक्यावर अंबूबाई ओरडल्या, "आत कोण हाय? भायेर या! दार लावायचंय!"

तिला हायसंच वाटलं. स्क्रिप्ट बरोबर चालली होती. आत माणूस होतं, हालचाल होती, हाक लागली होती. ही हाक आता बाहेर बोळातही जात असणार. कोणीतरी येईल.

कोणी येईना. पुन्हा हाक झाली. पुन्हा झाली. तेव्हा तिला उमगलं, की बाहेर ही हाक ऐकून काय होत असेल. तिनंच तर सगळ्यांना पटवलं होतं, की ही हाक ऐकू आली म्हणजे आत कोणी असतंच असं नाही. ज्यांना ते पटलं असेल, ते म्हणतील, वायर पुन्हा बिघडली. ज्यांना पटलं नसेल, ते पळून गेले असतील. दोन्ही बाजूंनी या दाराकडं कोणी येणार नव्हतं.

बोटं बधिर व्हायला लागली. ती दारापासून रॅकपर्यंत आणि रॅकपासून दारापर्यंत फिरत राहिली, बगलेत हात घालून. थोड्या थोड्या वेळानं अंबूबाई विचारत होत्या, आत कोण हाय, आणि ती मोठ्यानं उत्तर द्यायला लागली, "मी आहे. मी आहे, अंबूबाई." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. नंतर हसू येईना. भायेर या, असं ते बोलावणं होतं, आणि बोलावणारी बाई मातीत गेलेली तिनं स्वतः पाहिली होती. कुठं 'या' म्हणतायत ह्या? असा विचार एकदा मनात आला आणि मग जाईना.

पाय जड झाले. मागच्या रॅकपाशी एक रिकामा क्रेट पडला होता. क्षणभर टेकावं म्हणून ती त्यावर बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि डोकं गुडघ्यांवर टेकलं. तिथं बरं वाटलं. थोडी ऊब आल्यासारखीही वाटली.

दिवे गेले.

मिट्ट काळोख झाला. अंबूबाईही थांबल्या. पंख्यांची घरघर तेवढी राहिली. तिला आधी कळेचना काय झालं. मग कळलं. हालचाल नाही, म्हणून दिवे बंद. हालचाल नाही, म्हणून खोली रिकामी. ते उद्गारचिन्ह तिचंच होतं. बसलेलं माणूस, झोपलेलं माणूस, गारठून पडलेलं माणूस, यातलं कोणीच त्या ओळीत नव्हतं. बाहेर पडद्यावर या घटकेला तीन नंबरपुढं काय लिहून आलं असेल, तेही तिला ठाऊक होतं. 'रिकामी'. ती इथं बसून श्वास घेत होती आणि तिथं ती नव्हती.

तिनं हात वर करून हलवला. काही झालं नाही. रॅकच्या आडोशाला सेन्सरची नजर पोचत नव्हती. शिवाय ते अंगाच्या उबेवर ओळखायचं. अंग जसं गार पडेल, तशी ती त्याला दिसेनाशी होणार होती. त्या काळोखात तिला एकाएकी वाटलं, की आपण इथं एकट्या नाही. आधी ज्या दुपारी हाका होत होत्या आणि खोली रिकामी म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, तेव्हाही इथं, याच क्रेटवर, कोणी हलल्याशिवाय बसलेलं असेल तर? ओळीला ते दिसलं नसतं. जयराजला रॅकमागं दिसलं नसतं. मलाही दिसलं नसतं.

ती क्रेटवरनं खाली पडली, की उठली, हे तिला नंतर आठवेना. रॅकला धरून, बॉक्सांवर हात घासत ती पुढं सरकत गेली. दिवे लखकन लागले आणि हाक आली, "आत कोण हाय?" ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि हात हलवत राहिली, शेतात पाखरं हाकलतात तशी. थांबायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं होतं.

मग दार पाठीमागून सरकलं आणि ती उलटी बाहेर पडली, अर्जुनामावशीच्या अंगावर.

बाहेर काय झालं, ते तिला नंतर कळलं. हाक सुरू होताच बायका डबे टाकून फाटकाबाहेर गेल्या होत्या. जयराज ऑफिसात आला, पडद्यासमोर कोणी नाही हे बघून म्हणाला, "मॅडम बी पळाल्या." आणि बोळातला स्पीकर बंद करायला स्टुलावर चढला. तेव्हा अर्जुना एकटी फाटकातनं परत आली.

"हात लावू नगंस त्याला."

"आवं मावशी, वायर बिघडलीया पुन्हा. डोकं उठलंय."

"उतर खाली. दार उघड त्ये."

"म्या न्हाई उघडत. तुमी बी जाऊ नका."

तिनं त्याला बाजूला सारलं आणि स्वतः दाराला हात घातला. दार जड होतं. शेवटी जयराजनंच जोर लावला.

बायकांनी प्रियदर्शनीला उन्हात नेऊन बसवलं, घोंगडं पांघरलं, चहा पाजला. ओठ हलायला लागल्यावर तिनं पहिलं विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं मी आत आहे म्हणून?"

"मला काय ठावं तुमी हाईसा म्हनून?" अर्जुना म्हणाली. "तिनं बोलावलं, म्हनून आले."

"हाक तर सगळ्यांनीच ऐकली."

"ती न्हवं." अर्जुनानं घोंगडं तिच्या पायांभोवती खोचलं. "मदी थोडा येळ आवाज थांबला बगा. समदं गप झालं. तवा मला नावानं बोलली. अर्जुने, दार उघड, म्हनली. इतकी वर्सं नाव घेतलं नव्हतं माजं."

जयराज पुढं उभा होता. तो म्हणाला, "मदी कायबी आवाज न्हवता. मी स्पीकरखालीच हुतो."

"मला हाक मारली," अर्जुना म्हणाली. "तू कशाला ऐकशील?"

प्रियदर्शनी तापानं अंथरुणाला खिळली ती बरेच दिवस. सुकुमार म्हणाला, नोकरी सोड. ती हो म्हणाली आणि बरी झाल्यावर पुन्हा कामावर गेली. अण्णांनी तोवर सगळ्या दारांच्या दांड्या नव्या केल्या होत्या आणि आत लाल बटणाच्या घंटा बसवल्या होत्या. तिनं हेडफोन लावून ती फाइल ऐकली. तीन वाक्यं, आणि शेवटी अंबूबाईंचा एक श्वास. तिनं आवाज वाढवून पुन्हा ऐकली. श्वासानंतर काही नव्हतं. मधल्या काळोखात स्क्रिप्टनं आवाज लावल्याची नोंदही नव्हती; लावायचं कारणच नव्हतं, खोली रिकामी होती.

तिनं पहिल्यापासून सगळं लिहायला घेतलं. दाराशी प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला टांगला; आत जाताना तो काढून न्यायचा, बाहेर आल्यावर परत टांगायचा, अशी पद्धत सुरू केली. दार लागलंय, आणि हालचाल नाही, आणि सगळे बिल्ले जागेवर आहेत, हे तिन्ही खरं ठरल्याशिवाय दिवे विझायचे नाहीत. पडद्यावरचा 'रिकामी' हा शब्द तिनं काढून टाकला आणि तिथं 'हालचाल दिसत नाही' असं लिहिलं. अण्णांनी विचारलं, एवढं लांबलचक कशाला? ती म्हणाली, "राहू दे." अंबूबाईंची फाइलही तिनं काढली; ती घरच्यांना हवी असेल म्हणून अर्जुनाच्या मोबाइलवर पाठवायला गेली, तर अर्जुना नको म्हणाली.

आता हाकेच्या जागी नुसता भोंगा वाजतो, आणि तोही क्वचित. बायका तीन नंबरमध्ये बिनधास्त जातात. नव्या आलेल्यांना तर यातलं काही माहीतही नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत प्रियदर्शनी पाणी घ्यायला बोळातनं चालली होती. सगळी दारं बंद होती, सगळे बिल्ले जागच्या जागी होते. तीन नंबरच्या दाराला टेकून अर्जुना बसली होती, डबा मांडीवर, तोंड दाराकडं, आणि हळू आवाजात बोलत होती. कुठल्या तरी मेंढीचं, कुठल्या तरी ओढ्याकाठचं. मधे मधे थांबत होती, समोरच्याचं ऐकायला थांबावं तशी, आणि मग मान हलवून पुढं बोलत होती.

"मावशी, कुणाशी बोलताय?"

अर्जुनानं मान वळवली. तिला विचारल्याचा राग आला नव्हता.

"तुमी जावा," ती म्हणाली. "जेवून घ्या. वेळ हाय अजून."

प्रियदर्शनी बाटली न भरताच ऑफिसात परत आली. पडद्यावर तीन नंबरपुढं 'हालचाल दिसत नाही' असं होतं. ती काही वेळ ते बघत उभी राहिली आणि मग डबा उघडायला बसली.